दोन वर्दींमधला वस्ताद

मुंबई अग्निशमन दलाचे ब्रीद तीन शब्दांचे आहे: शौर्य, आत्मसंयमन, त्याग. पहिला आणि तिसरा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. दर वर्षी 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, 20 तारखेपर्यंत सप्ताह चालतो, संचलन होते, पुष्पचक्रे वाहिली जातात आणि भाषणांत शौर्य-त्यागाची जोडी हमखास येते. मधला शब्द सहसा कोणी उच्चारत नाही. आगीकडे धावणाऱ्या माणसाने स्वतःला आवरायचे कसे, कधी थांबायचे, कधी मागे फिरायचे आणि हे त्याला शिकवायचे कोणी, हा प्रश्न श्रद्धांजलीच्या दिवशी काढू नये असे जणू ठरूनच गेले आहे. जवानांचे मनोबल वाढवायचे म्हटले की आपल्याला पदके, सत्कार आणि जोशपूर्ण भाषणे आठवतात. माझे म्हणणे असे की, जवानाची उमेद टिकते ती त्याच्या थेट वरच्या अधिकाऱ्याच्या हातून, दोन वर्दींच्या, म्हणजे मदतीच्या दोन हाकांच्या, मधल्या तासांत. आणि ज्या गोष्टीने ती टिकते, नेमक्या त्याच गोष्टीने त्याला योग्य वेळी थांबताही येते.

14 एप्रिल ही तारीख ज्या घटनेमुळे निवडली गेली, तिच्यापासूनच सुरुवात करू. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभे होते. त्यावर सुमारे 1,400 टन स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठीही भरल्या होत्या. दुपारी कापसाने पेट घेतला. बंब आले, जवानांनी शेकडो टन पाणी आत सोडले. जहाज आहे तिथेच बुडवावे, गोदीबाहेर ओढून न्यावे की पाणी मारत राहावे, यावर धक्क्यावर बराच खल झाला. पण जहाजाचे अधिकारी, गोदीचे अधिकारी, लष्करातले स्फोटकांचे जाणकार आणि अग्निशमन दल या सगळ्यांच्या वर ज्याचा शब्द अखेरचा, असा एकही माणूस तिथे नव्हता. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली आणि त्यांत 66 जण अग्निशमन दलाचे होते. त्यांच्या धैर्यात तसूभरही उणीव नव्हती. ज्या निर्णयाच्या आधाराने ते धैर्य कामी लागायचे, तो निर्णय शेवटपर्यंत झालाच नाही. त्या दिवसाची आठवण आपण बलिदानाची म्हणून जपली आणि ते रास्तच आहे. पण त्या आठवणीत नेतृत्वाचाही एक धडा आहे आणि तो ऐंशी वर्षांनंतरही पुरता गिरवला गेलेला नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. अग्निशमन जवानाला आगीपुढे उभे राहण्यासाठी प्रोत्साहन लागत नाही. घंटा झाली की काही सेकंदांत गाडीवर चढणारा माणूस त्या क्षणी पुरेसा पेटलेला असतो. प्रश्न उरलेल्या वेळेचा आहे. अग्निशमन केंद्रातले बहुतेक तास आगीत जात नाहीत. हजेरी, गाडीची तपासणी, होजची सफाई, स्क्वाड ड्रिल, वॉच रूममधली पाळी आणि मग वाट पाहणे. वर्दी आली तरी ती आगीचीच असेल असे नाही. पावसाळ्यात झाड पडलेले असते, रस्त्यावर तेल सांडलेले असते, कुणी लिफ्टमध्ये अडकलेले असते, मांजाच्या दोऱ्यात पक्षी लटकलेला असतो. कधी पोहोचेपर्यंत कचऱ्याची आग आपोआप विझलेली असते. पाचव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षी माणूस आतून सैल पडतो तो या तासांत. तपासणी म्हणजे नोंदवहीत केलेली खूण होते, ड्रिल म्हणजे उरकायचे काम होते आणि नवा जवान काही विचारू लागला की ‘हळूहळू कळेल’ एवढेच उत्तर मिळते. बाहेरून पाहणाऱ्याला यात काही बिघडलेले दिसत नाही. गाडी वेळेवर निघते, पाणी पडते, आग विझते. जे विझलेले असते, ते फक्त बरोबरच्या माणसांना कळते.

या बाबतीत एक संशोधन विचार करायला लावणारे आहे. अ‍ॅडम ग्रँट या अमेरिकी संघटन-मानसशास्त्रज्ञाने 2008 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात 58 अग्निशमन कर्मचाऱ्यांचा अभ्यास आहे. आपण हे काम का करतो, लोकांच्या भल्यासाठी की कामाचीच गोडी आहे म्हणून, हे त्यांना विचारले गेले आणि पुढच्या काळात त्यांनी स्वेच्छेने किती जादा तास काम केले ते पाहिले गेले. लोकांच्या उपयोगी पडण्याची इच्छा माणसाला कामात टिकवून धरते हे खरे ठरले. पण ज्यांना कामाचीही गोडी होती त्यांच्यात तिचा जोर जास्त दिसला. गोडी नसेल तर सेवेची भावना कर्तव्याच्या ओझ्यासारखी होते, असा ग्रँट यांचा तर्क. 58 माणसांवरून साऱ्या जगाचा नियम बांधता येणार नाही. तरी आपल्याकडच्या रिवाजाशी ताडून पाहावे असे यात काहीतरी आहे. आपण जवानाच्या सेवाभावाला वर्षानुवर्षे हाक घालत आलो. सेवाभाव त्याच्याकडे आहेच, तो घेऊनच तो भरतीला आला. कामाची गोडी कशी लागते आणि कशी टिकते, इकडे लक्ष द्यायचे राहिले. गोडी लागते ती आपला हात सुधारतो आहे, आपले डोळे काल दिसत नव्हते ते आज टिपतात, आपल्या सांगण्याला वजन आहे, या अनुभवाने. हा अनुभव देणे मंत्रालयाच्या किंवा आयुक्तांच्या हातात नसते. ते असते लीडिंग फायरमनच्या, सब ऑफिसरच्या, स्टेशन ऑफिसरच्या हातात.

या कामाला इंग्रजीतून कोचिंग म्हणतात. आपल्याकडे त्या शब्दाला शिकवणीवर्गाचा वास लागला असल्यामुळे मी दुसरा शब्द सुचवतो, जो या मातीत आधीपासून आहे: वस्ताद. कोल्हापूर-सांगलीच्या तालमीत वस्ताद काय करतो ते पाहावे. तो भाषण करत नाही. हौद्याच्या कडेला बसून तो दोन पोरांची पकड बघतो, मध्येच थांबवतो, पाय कुठे पडला ते विचारतो, पुन्हा करायला लावतो. पोराचा खुराक, झोप, घरची अडचण त्याला ठाऊक असते. मैदानात कुस्ती लागते तेव्हा तो आत नसतो, आणि तरीही पोराच्या प्रत्येक डावात असतो. वस्ताद शेवटचा एक डाव स्वतःपाशी राखून ठेवतो असेही आपल्याकडे म्हणतात, चेला उलटला तर हाताशी असावा म्हणून. अग्निशमन दलातल्या वस्तादाला ही मुभा नाही. त्याने राखून ठेवलेला डाव पुढे कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो.

हे कल्पनेने म्हणत नाही. 5 ऑगस्ट 1949 रोजी अमेरिकेत माँटाना राज्यातल्या मान गल्च नावाच्या दरीत वणवा विझवायला पॅराशूटने 15 जवान उतरले, खाली एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. बहुतेक जण ऐन विशीतले होते. थोड्याच वेळात आगीने दरी ओलांडली आणि ती वाळलेल्या गवतातून चढावर त्यांच्या मागे लागली. त्यांचा नायक वॅग्नर डॉज याने आधी अवजारे टाकून द्यायला सांगितले आणि मग एक विलक्षण गोष्ट केली. त्याने पुढच्या गवताला स्वतः काडी लावली, ते जळून गेल्यावर त्या राखेत तो पालथा झोपला आणि बाकीच्यांना आत या म्हणून ओरडला. जळून गेलेल्या जागेवर आग पुन्हा येणार नाही, हा त्याचा हिशेब अचूक होता. एकही माणूस आत आला नाही. आग मागे लागलेली असताना आपला नायक पुढे आणखी आग लावतो आहे, एवढेच त्यांना दिसले. तेरा जण मेले. डॉज वाचला आणि कड्याच्या फटीतून पलीकडे गेलेले दोघे वाचले. कार्ल वाइक या अभ्यासकाने 1993 साली या दुर्घटनेचे जे विश्लेषण केले ते नेतृत्वाच्या अभ्यासात आजही वाचले जाते. मला त्यातला सर्वांत बोलका तपशील साधासा वाटतो. डॉज हा अबोल माणूस होता आणि त्या मोसमात जवानांचे जे एकत्र प्रशिक्षण झाले, त्यात तो नव्हता. त्याला तळावरच्या दुसऱ्या कामाला लावले होते. म्हणजे तो विचार कसा करतो हे त्याच्या माणसांनी कधी पाहिलेच नव्हते. त्याच्याकडे डाव होता, तो ऐन वेळी सुचलाही होता, पण तो पटवून द्यायला लागणारी विश्वासाची शिल्लक त्याच्यापाशी नव्हती. असा विश्वास त्या क्षणी मागून मिळत नाही. तो महिनोन्‌महिने, एकेका ड्रिलमध्ये जमा व्हावा लागतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो दलातल्या अनेक जुन्या-जाणत्यांचा आहे. हे गणवेशाचे खाते आहे, इथे हुकूम चालतो. जवान प्रत्येक हुकमामागचे कारण विचारू लागला तर इमारत जळून खाक होईल. आक्षेपातले निरीक्षण खरे आहे. ब्रांच, म्हणजे होजचे तोंड, धरलेल्या माणसाने धुरात उभे राहून चर्चा करायची नसते. पण म्हणूनच चर्चेची जागा केंद्रात आहे. केंद्रात ज्याला कारणे कळली आहेत, तोच आगीवर विनाप्रश्न हुकूम पाळतो, कारण त्या हुकमामागचा विचार त्याच्या ओळखीचा असतो. मान गल्चमध्ये हुकूम होता, स्पष्ट होता, वेळेवर होता. तो पाळला गेला नाही तो शिस्त कमी पडली म्हणून नव्हे. माणसांच्या दृष्टीने तो अर्थशून्य होता.

अनुभवी अधिकाऱ्याला आगीवर जे कळते ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही, ही यातली खरी अडचण. 1980च्या दशकात गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकी सैन्याच्या संशोधन संस्थेसाठी अग्निशमन अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. 26 अनुभवी अधिकाऱ्यांनी आगीवर घेतलेले 156 निर्णय त्याने तपासले. दोन-तीन पर्याय समोर ठेवून ते त्यांची तुलना करत असतील अशी त्याची अपेक्षा होती. बहुतेक ठिकाणी तुलना झालीच नव्हती. अधिकाऱ्याला प्रसंग ‘ओळखू’ आला होता आणि ओळखीबरोबर कृतीही सुचली होती. क्लाइनने सांगितलेला एक किस्सा या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. एका घराच्या स्वयंपाकघराला आग लागलेली असते. पथक पाणी मारते, पण आग दबत नाही. नायकाला काहीतरी चुकते आहे असे वाटते आणि तो सगळ्यांना बाहेर काढतो. पाठोपाठ ते जिथे उभे होते ती जमीन खाली कोसळते. आग तळघरात होती. आपल्याला सहावे इंद्रिय आहे, असे तो नायक मानत होता. क्लाइनने खोदून विचारल्यावर खरे कारण उलगडले: एवढ्याशा आगीच्या मानाने खोली फार तापलेली होती आणि तिथे असायला हवा तेवढा आवाज नव्हता. इंद्रिये पाचच होती. वर्षानुवर्षांच्या आगींनी ती घडवली होती.

माझ्या युक्तिवादाचा कणा या किश्श्यात आहे. विचारणारा कुणी भेटला नसता तर ते ज्ञान ‘सहावे इंद्रिय’ म्हणून त्या नायकाबरोबर निवृत्त झाले असते. आपल्याकडच्या केंद्रांमधून दर वर्षी असे कितीतरी ज्ञान निवृत्त होते. जुन्या चाळीचा जिना कोणत्या आवाजावरून धोक्याचा समजायचा, बंद गोदामाच्या शटरला हात लावण्याआधी काय पाहायचे, धुराचा रंग आणि वेग काय सांगतो, कापडाच्या दुकानातली आग आणि रसायनांच्या दुकानातली आग दुरून कशी वेगळी ओळखायची. हे पुस्तकात थोडे असते, 1956 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयात किंवा कालिन्याच्या राज्य प्रशिक्षण केंद्रात त्याचा पाया घातला जातो, पण त्यावर इमला चढतो तो केंद्रातच. त्यासाठी जुन्या माणसाला कुणीतरी विचारावे लागते: तुम्ही त्या क्षणी काय पाहिलेत? आणि नव्या माणसालाही तितक्याच गांभीर्याने विचारावे लागते: तुला काय दिसले? तीन महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या पोराला जेव्हा त्याचा स्टेशन ऑफिसर हा प्रश्न विचारतो आणि उत्तर ऐकून घेतो, तेव्हा त्या पोराला जे मिळते ते कोणत्याही पदकात नाही. पुढच्या वर्दीला तो डोळे उघडे ठेवून जातो, कारण परत आल्यावर विचारले जाणार आहे हे त्याला माहीत असते.

नुसत्या ओळखीवर विसंबण्यात धोका आहे, हेही मान्य करायला हवे. ओळखीचा वाटणारा प्रसंग कधी कधी वेगळाच निघतो. ब्रिटनमध्ये साब्रिना कोहेन-हॅटन या अग्निशमन अधिकारी आणि मानसशास्त्रज्ञ महिलेने सहकाऱ्यांसोबत प्रत्यक्ष कामावरच्या अधिकाऱ्यांच्या हेल्मेटवर कॅमेरे लावून निर्णय कसे होतात ते पाहिले. बहुतेक वेळा अधिकारी परिस्थिती पाहून थेट कृतीवर उडी घेत होते, मधले नियोजन गळत होते. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय तीन छोट्या प्रश्नांचा आहे: हे मी कशासाठी करतो आहे, यातून काय होईल अशी माझी अपेक्षा आहे, आणि पत्करलेल्या धोक्याच्या मानाने फायदा मोठा आहे का? 2015 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांनी पाहिले की प्रश्नांची सवय लावलेल्या अधिकाऱ्यांची समज वाढली आणि निर्णयाला उशीर मात्र झाला नाही. आपल्या ब्रीदातला मधला शब्द इतक्या व्यवहारी रूपात मला दुसरीकडे कुठे सापडला नाही. संयम हा स्वभावाचा गुण आहे असे आपण मानतो. इथे तो तीन प्रश्नांची सवय म्हणून शिकवता येतो असे दिसते, आणि सवय लागते ती ड्रिलच्या मैदानावर रोज विचारल्याने.

वर्दीहून परतल्यावर पथकाने बसून घडलेल्या कामाची उजळणी करणे, ही या सगळ्याची मुख्य जागा. अमेरिकी सैन्याने 1970च्या दशकात ही पद्धत रुजवली आणि तिथून ती अग्निशमन दलांत, रुग्णालयांत, विमानसेवेत पसरली. काय करायचे ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचे, एवढेच बोलायचे. स्कॉट टॅनेनबॉम आणि ख्रिस्तोफर सेरासोली यांनी 2013 साली अशा उजळण्यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नीट केलेल्या उजळणीने संघांची कामगिरी सरासरी 20 ते 25 टक्क्यांनी सुधारते असे दिसले. यासाठी नवी गाडी लागत नाही, निविदा लागत नाही, वीस मिनिटे आणि एक फळा लागतो. मग हे आपल्याकडे सर्वत्र का होत नाही?

कारण आपल्या सरकारी कारभारात चुकीबद्दल बोलण्याची एकच रीत प्रचलित आहे आणि तिचे नाव चौकशी. चौकशीत जबाब असतो, खुलासा असतो, कारणे दाखवा नोटीस असते. तिचे काम जबाबदारी निश्चित करणे हे आहे आणि ते आवश्यकही आहे. पण जिथे चुकीचा प्रत्येक उच्चार चौकशीकडे जाऊ शकतो, तिथे माणूस उच्चारच बंद करतो. ब्रांच उशिरा सुरू झाली, बीए सेटचा, म्हणजे श्वसनयंत्राचा, दाब तपासायचा राहिला, दोघे एकमेकांना न सांगता वेगवेगळ्या मजल्यांवर गेले, या गोष्टी चहाच्या टपरीवर सांगितल्या जातात आणि कागदावर कधीच येत नाहीत. एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत औषधाच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळून ती चक्रावली होती. त्या गटांत चुका जास्त होत नव्हत्या, त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. अग्निशमन केंद्राला हेच लागू पडते. स्टेशन ऑफिसरने उजळणीची सुरुवात स्वतःच्या चुकीपासून केली, ‘मी गाडी चुकीच्या बाजूला लावायला सांगितली, त्यात चार मिनिटे गेली’ असे तो सगळ्यांसमोर म्हणाला, की दुसऱ्याचे तोंड उघडते. त्याने पहिले बोट जवानाकडे केले की ती बैठक संपल्यातच जमा. वरिष्ठांनीही उजळणीतले बोलणे चौकशीत वापरायचे नाही, हा दंडक लेखी घालून द्यायला हवा. त्याशिवाय ती वीस मिनिटे नोंदवहीतली आणखी एक खूण ठरतील.

मात्र कामाची उजळणी आणि मनाची उकल यांत गल्लत होऊ नये. भाजलेली मुले, ढिगाऱ्याखालची प्रेते पाहून आलेल्या जवानांना लगेच गोल बसवून भावना व्यक्त करायला लावण्याची पद्धत 1980च्या दशकात अमेरिकेत जेफ्री मिचेल या माजी अग्निशमन कर्मचाऱ्याने मांडली आणि ती झपाट्याने पसरली. हेतू निर्मळ होता. पण अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, काहींना तर तो वाढूही शकतो, असे 2002च्या कोक्रेन आढाव्यात दिसून आले. म्हणून वस्तादाने इथे डॉक्टर होऊ नये. त्याने पाहावे की कोण जेवत नाही, कोण अचानक गप्प झाला, कोण सुट्टी न घेता राबतो आहे. त्याच्याशी एकट्याने बोलावे आणि गरज असेल तर जाणकाराकडे न्यावे. एकत्र जेवणाचेही मोल यातच आहे. एका मोठ्या अमेरिकी शहरातल्या केंद्रांवरच्या 2015च्या अभ्यासात, जी पथके एकत्र जेवतात त्यांची कामगिरी त्यांच्या अधिकाऱ्यांनी अधिक चांगली नोंदवली होती. जेवणाने काम सुधारते की चांगली पथकेच एकत्र जेवतात, हे त्यावरून सांगता येत नाही. पण डबे उघडण्याच्या वेळी अधिकारी केबिनमध्ये एकटा बसत असेल, तर कोण जेवत नाही हे त्याला कळणार कसे?

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. आपल्याकडे नेतृत्वाची एकच प्रतिमा मनात ठसलेली आहे: सर्वांच्या पुढे असणारा. 9 मे 2015 रोजी काळबादेवीतल्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. काम चालू असतानाच इमारतीचा भाग कोसळला. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर भाजलेल्या अवस्थेत रुग्णालयात झुंजले आणि त्याच महिन्यात गेले. एका आगीत शहराने आपल्या दलाचा प्रमुख आणि त्याचे तीन अनुभवी सहकारी गमावले. जवानांना जिथे पाठवतो तिथे आपणही असले पाहिजे, ही त्या चौघांची निष्ठा होती आणि तिच्यापुढे नतमस्तक व्हावे अशीच ती आहे. दलातल्या माणसांना त्यांच्याबद्दल वाटणारी माया त्या निष्ठेतूनच आलेली आहे. पण त्याच आदरापोटी एक प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो व्यक्तींबद्दलचा नाही, आपल्या अपेक्षांबद्दलचा आहे. अधिकारी आत शिरला तरच तो आपला, असे मापच आपण समाज म्हणून ठरवून ठेवले असेल, तर आणखी किती अनुभव आपण ढिगाऱ्याखाली घालणार? बाहेर उभे राहून साऱ्या इमारतीकडे पाहणारा, भिंतीला पडत चाललेली भेग टिपणारा, आतल्यांना बाहेर बोलावणारा माणूस कमी शूर असतो का?

अमेरिकेतल्या वूस्टर शहरात 3 डिसेंबर 1999च्या रात्री जे घडले ते या प्रश्नापाशी आणून उभे करते. खिडक्या नसलेल्या, शीतगृह म्हणून बांधलेल्या एका रिकाम्या प्रचंड इमारतीला आग लागली. आत बेघर माणसे असू शकतात असे कळल्याने दोन जवान शोधायला गेले आणि धुरात हरवले. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी आणखी चौघे परतले नाहीत. बाहेर त्यांचे मित्र आत जायला धडपडत होते. तेव्हा जिल्हाप्रमुख माइक मॅकनॅमी दारात आडवा उभा राहिला आणि आता कुणीही आत जाणार नाही असे त्याने सांगितले. आपली सहा माणसे आत आहेत हे त्याला ठाऊक होते. ती बेघर माणसे आधीच निघून गेली होती, हे नंतर कळले. त्या दारात झालेला हुकूम मला शौर्याच्या कोणत्याही कथेपेक्षा मोठा वाटतो. आणि मान गल्चच्या उलट, तो हुकूम पाळला गेला. अंगातले सारे रक्त ‘जा’ म्हणत असताना माणसे ‘थांब’ या शब्दापुढे थांबली. हुद्द्याच्या बळावर असे घडत नसते. सांगणारा माणूस कोण आहे हे समोरच्यांना वर्षानुवर्षे माहीत असावे लागते. आपले नाव, आपले घर, आपली हिंमत याला ठाऊक आहे, आणि तरीही हा थांब म्हणतो आहे, म्हणजे खरेच थांबायला हवे, असे वाटण्याइतकी ओळख लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो जवानांकडूनच येतो. पदे रिकामी आहेत, एकाच्या जागी दोघांचे काम आहे, लहान नगरपालिकांत माणसे कंत्राटावर राबतात, पुरेसे बीए सेट नाहीत. अशा वेळी वस्तादाच्या गोष्टी सांगणे म्हणजे जखमेवर फुंकर घालून औषधाचे पैसे वाचवणे. हा राग मला रास्त वाटतो. 74व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन हे काम नगरपालिकांच्या यादीत आले, पण ते पेलण्याइतकी तिजोरी अनेक नगरपालिकांकडे नाही. केंद्र सरकारने 2023 साली राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटींची योजना सुरू केली, तीत केंद्रे, साधने, प्रशिक्षण सारे आहे. ती रक्कम प्रत्यक्ष केंद्रांपर्यंत कशी पोहोचते यावर प्रत्येक राज्यात नजर ठेवली पाहिजे. कंत्राटावरच्या जवानाला जोखीम कायमची आणि नोकरी तात्पुरती, हा अन्याय कोणत्याही उजळणीने मिटणार नाही, आणि चांगला अधिकारी मिळाला म्हणून त्याने वेतनाचा आग्रह सोडू नये. पण उलट बाजूही पाहावी. नवी शिडीची गाडी आली आणि ती चालवणाऱ्या पथकाला कुणी तिच्यासह रोज घडवले नाही, तर ती संचलनापुरती उरते. शिवाय कोणते साधन कमी आहे, कोणते निकामी आहे, याची नेमकी, नोंदलेली आणि नाकारता न येणारी माहिती वर पोहोचवण्याचा मार्ग त्या उजळणीतूनच जातो. ज्या केंद्रात प्रत्येक वर्दीनंतर ‘पाचवा बीए सेट नव्हता म्हणून दोघे बाहेर थांबले’ असे लिहिले जाते, त्या केंद्राची मागणी फेटाळणे अवघड होते. माणसे कमी आहेत म्हणून वेळ नाही, असेही म्हटले जाते. माणसे कमी असताना प्रत्येकाला दुसऱ्याची नजर आणि सवय ठाऊक असणे अधिकच गरजेचे असते.

एक बदल तातडीने करण्याजोगा आहे आणि तो बढतीच्या निकषांत. सब ऑफिसर किंवा स्टेशन ऑफिसर होताना सेवेची वर्षे, परीक्षा, अभ्यासक्रम, गोपनीय अहवाल पाहिले जातात. त्याच्या हाताखाली किती जण तयार झाले, त्याने बोलते केलेल्या जवानांपैकी पुढे किती जण पथक सांभाळू लागले, हे कुणी विचारत नाही. शिकवणे हा ज्या अधिकाऱ्याच्या कामाचा मोजला जाणारा भाग नाही, तो शिकवतो ते केवळ स्वतःच्या चांगुलपणावर. असे अधिकारी आपल्याकडे आहेत, प्रत्येक दलात आहेत, आणि बदली होऊन ते गेले की त्यांचे केंद्र पुन्हा पूर्ववत होते. त्यांच्या हातून जे घडते ते त्यांच्यामागेही टिकावे यासाठी अधिकारीपदाच्या प्रशिक्षणात प्रश्न विचारण्याची, ऐकून घेण्याची, उजळणी चालवण्याची कला पंपाच्या आणि होजच्या शास्त्राइतक्याच गांभीर्याने शिकवायला हवी.

आणि सुरुवात करायला कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. दुपारच्या शांत वेळी एखादा स्टेशन ऑफिसर आपल्या पथकाला घेऊन हद्दीतल्या जुन्या बाजारपेठेत पायी फिरू शकतो. गाडी या गल्लीच्या तोंडाशी अडेल का, पाणी कुठून घ्यायचे, या दुकानाच्या पोटमाळ्यावर काय रचून ठेवले आहे, लाकडी जिना एकच आहे की मागेही आहे, वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसे कोणत्या खोलीत राहतात. उत्तर त्याला स्वतःला माहीत असले तरी त्याने आधी सर्वांत नव्या जवानाला विचारावे, आणि तो वर बघत, बोटाने मजले मोजत, अडखळत सांगेपर्यंत बाकीच्यांना थांबवून धरावे.